पाईपाची चार तोंडं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. मलाही. एसी बसवायच्या कामात या रागाचा काडीचा उपयोग नाही, असं उस्तादांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल. पण सांगून कळणारी मी नव्हे. तेलगावच्या पुढं एका शेतात, ऐन चैत्रात, ते मला माझ्याच हातांनी शिकावं लागलं.

उस्ताद म्हणजे माझे गुरू. माजलगावात त्यांचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान. आयटीआयचा कागद घेऊन मी चार दुकानं फिरले होते. तिघांनी 'बाई, शिडीवर चढावं लागतं' म्हणून वाटेला लावलं. उस्तादांनी कागद बघितलासुद्धा नाही. हातात पाईप कापायचं कटर दिलं, तांब्याच्या पाईपाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "काप." मी कटरची चाकी पाईपावर टेकवली, मूठ गच्च आवळली आणि दिला एक जोराचा फेरा. पाईपाचं तोंड चपटं झालं. उस्ताद हसले नाहीत. "ऊस तोडत होतीस का गं?" एवढंच विचारलं.

तोडतच होते. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माझे आईबाप असाच एक कोयता, आणि सातवीपासून सुट्टी असो नसो, मी त्यांच्या जोडीला अर्धा. ऊस बुडाशी एका घावात तुटला पाहिजे. दुसरा घाव घातला की वेळ गेला, आणि मागून मोळी बांधणारी आई करवादलीच. माझा हात असा घडलेला. तांब्याला घाव चालत नाही. कटर पाईपाभोवती फिरवायचं, जरासं आवळायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा जरासं. दहा-बारा फेऱ्यांत पाईप आपण होऊन सुटतो, गोल तोंडानं. मग ते तोंड खाली धरून आतली धार खरवडायची, म्हणजे चुरा आत न जाता जमिनीवर पडतो. मग पितळेचा नट पाईपावर चढवायचा, आणि शेवटी साच्यात धरून तोंड फुलवायचं, धोतऱ्याच्या फुलासारखं. हे फुललेलं तोंड मशीनच्या तोंडावर बसतं आणि नट दोघांना आवळून धरतो.

"सगळा एसी या चार तोंडांवर उभा हाय," उस्ताद म्हणायचे. पाईप दोन, एक जाड आणि एक बारीक. प्रत्येकाची दोन टोकं, एक खोलीतल्या मशीनला, एक बाहेरच्या. म्हणून चार तोंडं. त्यातलं एक जरी खराब निघालं तरी गॅस निघून जातो आणि भिंतीवर नुसता पांढरा डबा उरतो. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य ठरलेलं, "तोंड उघडं ठेवायचं न्हाई. झालं की टोपी घाल." पाईपाच्या तोंडाला घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, बोटाच्या पेराएवढ्या. एवढ्याशा टोपीचं त्यांना काय कौतुक, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या चैत्रात उस्तादांचा गुडघा सुजला होता, म्हणून पहिल्यांदा एकटीनं काम घेतलं. काम होतं मावशींचं. मावशी नात्यानं नव्हे. उसाच्या फडात आईच्या शेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहायच्या, म्हणून मावशी, आणि त्यांचा नवरा मामा. दोघांनी अठरा हंगाम ऊस तोडला. मग विहिरीला जरा पाणी लागलं तशी एकरभर तुती लावली, रेशमाच्या अळ्या पाळल्या. दोन वर्षं ते नीट चाललं, तेव्हा मावशींनी मोठी उडी घेतली. अळ्या अंड्यातून निघाल्यापासून पहिले आठ दिवस लई नाजूक असतात. ते आठ दिवस आपण सांभाळायच्या आणि मग आजूबाजूच्या शेतकऱ्यांना वाढवायला द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी शेतात एक बंद खोली बांधली. या पिल्लांना सत्तावीस डिग्रीच्या आसपास हवा लागते. आणि आमच्याकडं चैत्रात बाहेर बेचाळीस. म्हणून एसी.

मावशी अळ्यांना पोरंच म्हणायच्या. "अठ्ठावीसच्या लई वर गेलं तर पोरं टिकायची न्हाईत," फोनवर त्यांनी सांगितलं. पहिल्याच खेपेला चौदा शेतकऱ्यांनी नाव नोंदवलं होतं. अंडी आलेली होती, ती फुटायचा दिवस ठरलेला होता, आणि मशीन नेमकं उशिरा येऊन पडलं होतं. हाताशी दोन दिवस होते. "ऊसतोडीच्या मुकादमाला तोंडावर सांगितलंय, औंदा आमचा कोयता येणार न्हाई," मावशी म्हणाल्या. "आता ही खेप गेली तर परत कोण दारात येणार? मग दिवाळीनंतर तो कोयता खिळ्यावरून काढायचा आणि चालायला लागायचं." हे त्या रडून नव्हे, बाजाराचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. मला मात्र ते लागलं. काम वेळेत करायचंच, असं मी त्याच क्षणी मनाशी धरलं.

पहिल्या दिवशी सकाळी स्कूटीवर सगळा संसार बांधून मी पोचले. मामा दारातच उभे. माझ्या मागं रस्त्याकडं बघत म्हणाले, "मिस्त्री मागून यायलाय का?"

"मिस्त्री तुमच्या म्होरंच उभाय," मी म्हणाले.

मामा काही वाईट माणूस नव्हेत. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. आता या माणसाला दुपारच्या आत मशीन लटकवूनच दाखवते, असं झालं. अंगणातल्या कडुलिंबाखाली ताडपत्री पसरली, तांब्याचं वेटोळं सरळ केलं, मापं घेतली, कापलं. हात चांगला चालला होता, ते खोटं नाही. दोन्ही पाईपांवर काळा फोम चढवला, नट चढवले, चारही तोंडं फुलवली. बाहेरच्या मशीनमागं एक वळसा बसेल एवढा पाईप मी जास्तीचा ठेवला होता. तो बघून मामा म्हणाले, "एवढं तांबं कावून वाया घालायलीस?" म्हणलं, "ऱ्हाऊ द्या, लागलं तर." मनात आणखी चार शब्द होते, ते गिळले.

मग भिंतीला भोक पाडायला आत गेले. टोप्या स्कूटीच्या डिकीत होत्या. पाचच मिनिटांचं काम, आल्यावर लगेच जोडायचेच आहेत पाईप, असं म्हणून तशीच गेले. त्या खोलीत जायचं तर पोरांना रोग लागू नये म्हणून दारातल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात, तंबाखू खाल्लेल्या माणसाला तर मावशी उंबऱ्यालाही शिवू देत नाहीत. भिंत लई जाड निघाली. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला.

बाहेर आले तर लिंबाखाली पूजा होऊन गेलेली. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं फोडलेला नारळ, उदबत्ती लावलेली. "आत धूर चालत न्हाई ना पोरांना," मावशी पदर सारखा करत म्हणाल्या. "म्हणून हितंच उरकलं सगळं." मला बरं वाटलं. आमच्याकडं सायकल आणली तरी तिला हळदीकुंकू लागतं, मग हा तर मावशींच्या जन्माचा सौदा. मी हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पाईप उचलून जोडायला लागले. तोंडात वाकून बघितलं नाही. मामा लिंबाच्या बुंध्याला टेकून बघत होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं.

उन्हं कलताना दोन्ही मशीनं जागेवर होती. मामा म्हणाले, "कर की चालू." तेवढ्या एका बाबतीत मात्र मी उस्तादांचं ऐकलं. गॅस सोडायच्या आधी पाईपांत टाकीतून नायट्रोजन भरायचा, घड्याळासारख्या मीटरवर काटा जिथं थांबेल तिथं पेनानं खूण करायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काटा खुणेवर असला तर तोंडं पक्की. "उद्या चालू करू," मी म्हणाले. मामा नुसते 'हं' म्हणाले.

सकाळी काटा खुणेच्या बराच खाली होता.

तेवढ्यात मावशी अंड्यांचा कागद घेऊन आल्या. घरामागं त्यांनी विटांची दुहेरी भिंत रचून, मध्ये वाळू भरून, तिच्यावर पाणी मारून एक गार कप्पा केला होता, त्यात ही अंडी ठेवलेली. खसखशीएवढं एकेक अंडं. काल प्रत्येकात एक काळा ठिपका होता. आज सगळा कागद निळसर झाला होता. "उद्या उजेड दावला की बाहेर येतील," मावशी म्हणाल्या. कप्प्यात अंडी राहतात, पण पोरांचे ट्रे त्यात मावत नाहीत. म्हणजे जे करायचं ते आजच.

मी साबणाचा फेस केला आणि एकेका नटावर लावत गेले. आतल्या मशीनच्या जाड पाईपापाशी बुडबुडा आला. बाहेरच्या मशीनपाशी आणखी एक. दोन पाने लावून आवळलं. बुडबुडा बारीक झाला, थांबला नाही. अजून आवळलं. मामा म्हणाले, "अजून थोडं आवळ." आणि मी आवळणारही होते, हात तसाच गेला होता. पण पितळ जास्त आवळलं की तडकतं. शिडीवरून खाली उतरले आणि उस्तादांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तोंडात खोट असंल तर नटाचा काय गुन्हा?" म्हणाले. "हवा सोड, खोल आणि बग. आवळू नको."

हवा सोडली, नट खोलला. तोंड वरून चांगलं दिसत होतं. अंगठा फिरवला तर अंगठा लाल झाला. फुललेल्या तोंडावर कुंकू होतं, नटाखाली दळून त्याचं कडं झालं होतं आणि त्याखाली तांब्यावर बारीक चरा उमटला होता. तांब्याच्या लाल रंगावर कुंकू कुठलं दिसायला. बाकीची तीनही तोंडं खोलली. मावशींनी चारही तोंडांची पूजा केलती, एकालाही सोडलं नव्हतं.

डोक्यात असा जाळ झाला की काय सांगू. आता मी काय काय बोलणार, ते सगळं मला तयार मिळालं. मशीनच्या तोंडात कुणी कुंकू घालतं का, एवढं तरी कळू नये का, आणि आता तुमच्या हातानंच तुमची पोरं मरतील ती बघा. मी तावातावानं मागच्या अंगणात गेले. मावशी त्या विटांच्या कप्प्यावर तांब्यानं पाणी मारत होत्या. मला बघून थांबल्या. "झालं का गं?"

माझा एक हात ॲप्रनच्या खिशात होता. बोटांना टोप्या लागल्या. आज सकाळी डिकीतून काढून खिशात टाकलेल्या, चार टोप्या. त्या काल घातल्या असत्या तर मावशींनी कुंकू टोप्यांना लावलं असतं आणि आम्ही सगळे या वेळी गार खोलीत चहा पीत बसलो असतो. मावशींनी त्यांचं काम नीट केलं होतं. माझं मी केलं नव्हतं. ते पटायला मला फार तर दोन श्वास लागले असतील, पण ते दोन श्वास लई जड गेले.

"माझंच चुकलंय मावशी," मी म्हणाले. "तोंडं परत करावी लागतील."

"होईल ना आज?"

"होईल. न होऊन सांगतंय कुणाला."

पाईप दोन्हीकडून सोडवले आणि त्यांत नायट्रोजनचा जोराचा झोत मारला, तळहात पलीकडच्या तोंडापुढं धरून. जाड पाईपातून काहीतरी टचकन तळहातावर बसलं. तांदळाचा दाणा. एका बाजूनं कुंकू लागलेली अक्षता. ही आत राहिली असती तर मशीन चालू झालं असतं, आणि मग ही कुठंतरी आत जाऊन अडकली असती आणि ते बंद पडलं असतं, चार दिवसांनी, पोरं अर्धी वाढलेली असताना. तो दाणा मी खिशात टाकला. मावशी चार हातांवर होत्या, त्यांना दिसला नाही.

मग कापायला बसले आणि पहिल्याच पाईपाला घाण केली. घाईत मूठ जास्त आवळली गेली, तोंड चपटं. सातवीतला हात, कुठं जातोय तो. पुन्हा मागं सरकून कापावं लागणार आणि जास्तीचा ठेवलेला पाईप काही लांबलचक नव्हता. आणखी दोन वेळा असं झालं तर पाईप मशीनपर्यंत पोचणार नव्हता, आणि नवीन तांबं आणायला माजलगावला जाऊन येईपर्यंत दिवस गेला असता. मी कटर खाली ठेवलं. रांजणातलं पाणी प्याले, तोंडावर मारलं. मामा जवळ आले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलले असते तर मीही सोडलं नसतं. पण ते खाली बसले आणि पाईपाचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं, मोळी बांधताना धरतात तसं, अजिबात न हलू देता.

"कर तू," म्हणाले. "सावकाश."

मी फेरे मोठ्यानं मोजायला लागले. एक, आवळ. दोन, आवळ. अकराव्याला पाईप सुटला, गोल. तोंड खाली धरून खरवडलं, नट घातला, फुलवलं, उजेडात धरून चारही बाजूंनी बघितलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि लगेच टोपी घातली. मग दुसरं. मग तिसरं. मशीनची तोंडंही पुसली. चौथ्याला मामा म्हणाले, "ते काल जास्तीचं ठेवलेलं कामाला आलं म्हण की." मी म्हणलं, "आलं." त्या शब्दावर आमचं भांडण मिटलं. तसं ते माझ्या एकटीच्याच मनात होतं.

दुपारी पुन्हा नायट्रोजन भरला, पुन्हा खूण केली. तेवढा वेळ मी त्या काट्यासमोर मांडी घालून बसले. मावशींनी भाकरी आणि ठेचा तिथंच आणून दिला. काट्यावरची नजर न काढता मी जेवले. दोन तास काटा मुंगीएवढाही हलला नाही. चारही ठिकाणी फेस लावला, एक बुडबुडा नाही. मग पंप लावून पाईपांतली हवा आणि ओल ओढून काढली, गॅस सोडला आणि दिवेलागणीला मशीन चालू केलं. भिंतीवरच्या तापमानाच्या मीटरवर अडतीस होतं. पस्तीस झालं, बत्तीस झालं. मावशी दारात चुन्याच्या पाण्यात उभ्याच होत्या, आत यायलाही विसरल्या होत्या. सत्तावीस दिसल्यावर त्यांनी मीटरला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मला तिकडं काही काम नव्हतं, तरी उजाडता गेले. मावशींनी अंड्यांवरचं काळं कापड काढलं, खिडकीचा उजेड आत घेतला, आणि बघता बघता कागद हलायला लागला. काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे, हजारो, सगळे जिवंत. त्यांना पहिला घास तुतीच्या कोवळ्या पाल्याचा, तोही अगदी बारीक चिरून. मावशी फळीवर पाला चिरायला बसल्या. हातात खिळ्यावरचा कोयता होता, घासून, धुवून, लखलखीत केलेला.

"विळी न्हाई का?" मी विचारलं.

"हाच हातात बसतो," म्हणाल्या. मग चिरता चिरता माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुजं चुकलं म्हणलीस काल. व्हतं बाई, माणूस हाय. पण परवा मी चारीच्या चारी तोंडांची पूजा केलती म्हणून निभावलं बग."

तो दाणा अजून माझ्या ॲप्रनच्या खिशात होता. बोटाला लागत होता. सांगितलं असतं तर मावशी त्या पोरांसमोर खाली मान घालून बसल्या असत्या, आणि पुढं जन्मभर प्रत्येक खेपेला भ्याल्या असत्या. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळं गाव सांगेल. त्या दिवशी ती जागची हलली नाही.

"हो मावशी," मी म्हणाले. "म्हणूनच."

आता कुठल्याही घरी कामाला गेले की तोंडं फुलवायची, टोप्या घालायच्या, आणि मग आत जायच्या आधी घरच्या बाईला मीच हाक मारते. पूजा करायची असेल तर या, इथं लावा, या टोप्यांवर. चौघींनाही लावा. लोकांना वाटतं मिस्त्रीण लई देवभोळी आहे. वाटू दे.

दिवाळीनंतर एका सकाळी मावशींचा फोन आला. पाठीमागं फळीवर टकटक आवाज येत होता.

"मुकादमाचा ट्रक गेला गं दारावरनं," म्हणाल्या. "आत्ताच गेला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," मावशी म्हणाल्या, "पाला चिरायलेय."